जागल्याला जाब विचारता यायचा, कॅमेऱ्याच्या मालकाला कोण विचारणार?

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा. विषय आपल्या सगळ्यांच्या गेटवरचा आहे.

आमच्या गोडोलीच्या गल्लीत चौदा घरं. परवा सहज मोजलं तर नऊ घरांवर कॅमेरे आहेत. दहावा आता माझ्या घरावर आला. कारण नेहमीचंच. गेटपासून पोर्चपर्यंत गाडी आत घ्यायची जी वाट असते ना, तिथून गेल्या पावसाळ्यात दोनदा स्कूटरमधलं पेट्रोल गेलं आणि एकदा कुणीतरी गाडीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा काढून गेलं. इंग्रजी सिनेमात त्या वाटेला ड्राइव्हवे म्हणतात आणि ती लांबलचक असते. आपल्याकडे ती गाडीच्या लांबीपेक्षा चार पावलं जास्त. त्यामुळे आपला कॅमेरा आपल्या वाटेवर थांबतच नाही. गेट ओलांडून रस्त्यावर जातो, रस्ता ओलांडून समोरच्यांच्या ओट्यावर जातो.

इथूनच सगळे प्रश्न सुरू होतात. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले दोन महिने याच विषयावर भांडणं चालू आहेत. एक बाजू म्हणते, "चोर नसाल तर घाबरता कशाला?" दुसरी म्हणते, "आमच्या दाराकडे बघायचा तुम्हाला अधिकार कुणी दिला?" दोन्ही बाजूंना वाटतं की हा प्रश्न काल-परवा जन्माला आला. मला इतिहासाचा नाद आहे, म्हणून जरा मागे जाऊन पाहिलं. प्रश्न बराच जुना निघाला. आणि जुन्या लोकांनी त्याचं एक उत्तर शोधलं होतं, ते आपण विसरून गेलोय.

१८१८ साली पेशवाई गेली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन दख्खनचा कमिशनर झाला आणि १८१९ मध्ये त्याने या जिंकलेल्या मुलखाचा एक मोठा अहवाल लिहिला. गावकारभार कसा चालतो, पाटील काय करतो, चोरी झाली तर काय होतं, हे सगळं त्यात आहे. गावाच्या राखणदाराबद्दल त्याने बारकाईने लिहिलंय. या राखणदाराला कुठे जागल्या म्हणत, आपल्या भागात बहुतेक रामोशी. त्याचं काम काय? रात्री गस्त घालायची. गावात कोण आलं, कोण गेलं, यावर लक्ष ठेवायचं. परका माणूस दिसला तर पाटलाच्या कानावर घालायचं. गावातल्या प्रत्येक माणसाची वागणूक त्याला माहीत असली पाहिजे.

म्हणजे बघा, आजचा कॅमेरा जे करतो ते सगळं.

पण त्याच्यावर आणखी एक गोष्ट होती. गावात चोरी झाली तर चोर शोधायची जबाबदारी त्याचीच. तो पावलांचा माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत गेला, तर तिथल्या राखणदाराला बोलावून तो माग त्याच्या हवाली करायचा. मग पुढचं उत्तर त्या गावाने द्यायचं. माग जिथे संपेल त्या गावावर जबाबदारी. चोर सापडला नाही तर राखणदाराने आपल्या ऐपतीप्रमाणे भरपाई करायची आणि उरलेली गावावर बसायची. ही भरपाई अन्यायाची आहे, असं एल्फिन्स्टन स्वतःच म्हणतो, आणि प्रत्यक्षात ती पुरती वसूल होतही नसे. पण तत्त्व लक्षात घ्या. ज्याला नजर ठेवायचा हक्क दिला, त्याला जाबही विचारता येत होता. हक्क आणि जाब एकाच माणसाच्या गळ्यात बांधलेले होते.

ही व्यवस्था सोन्याची होती असं मी म्हणत नाही. ती जातीवर उभी होती. राखणीचं काम ठरावीक जातींच्या माथी होतं आणि संशयही त्यांच्यावरच आधी जायचा. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या नव्या कायद्याने त्याची कक्षा देशभर वाढवली. जन्मावरून माणूस गुन्हेगार ठरू लागला. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी हे नाव आहे. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या गावाची राखण केली, त्यांच्याच नावावर संशयाचा शिक्का बसला. नजर ठेवणारा आणि ज्याच्यावर नजर ठेवायची तो, यांच्यातली रेषा किती पातळ असते याचं याहून मोठं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता यंत्राकडे येऊ.

तारेतून दूर चित्र पाठवून नजर ठेवायची पद्धत युद्धातून आली. १९४२ साली जर्मनीत पेनेम्युंडे इथे रॉकेटच्या चाचण्या चालायच्या. जवळ उभं राहणं धोक्याचं, म्हणून वाल्टर ब्रूख या इंजिनिअरने कॅमेरा आणि पडदा यांची सोय केली. पुढे कारखाने, बँका, दुकानं इथे हे तंत्र गेलं. पण घरावर कॅमेरा लावायची कल्पना एका नर्सची आहे.

तिचं नाव मारी व्हॅन ब्रिटन ब्राउन. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जमैका या वस्तीत राहणारी कृष्णवर्णीय बाई. तिच्या ड्यूटीच्या वेळा वेड्यावाकड्या. नवरा अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ, त्याच्याही वेळा तशाच. त्यामुळे ती पुष्कळदा घरात एकटी. वस्तीत गुन्हे वाढलेले आणि पोलीस बोलावले तर लवकर येत नाहीत. दार वाजलं की उघडू का नको, हा रोजचा प्रश्न. दोघांनी मिळून युक्ती काढली. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं. आतल्या बाजूने एक कॅमेरा वर-खाली सरकणार, म्हणजे उंच माणूस असो की लहान मूल, चेहरा दिसणार. चित्र बेडरूममधल्या टीव्हीवर. बाहेरच्याशी बोलायला माइक. माणूस ओळखीचा असला तर जागेवरूनच दार उघडायचं बटण, धोका वाटला तर मदत बोलवायचं बटण. १ ऑगस्ट १९६६ रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, २ डिसेंबर १९६९ रोजी ते मिळालं. पेटंटचा क्रमांक ३४८२०३७. आज दारावर जी कॅमेऱ्याची बेल बसवतो, तिचं मूळ यात आहे.

या बाईचा कॅमेरा काय बघत होता, याचा विचार करा. तिच्या दारात उभा राहिलेला माणूस. बस्स. जो स्वतःहून तिच्या उंबऱ्याशी आलाय, तो कोण हे जाणून घ्यायचा तिला पूर्ण हक्क होता. बघणारी ती, घर तिचं, भीती तिची आणि दार उघडायचा निर्णयही तिचा. जिला राज्यव्यवस्था वेळेवर मदत करत नव्हती, तिने स्वतःची सोय केली. म्हणून "कॅमेरे म्हणजे वाईटच" असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. एकटी राहणारी बाई किंवा मुलं परदेशी असलेले म्हातारे आई-वडील यांना त्या पडद्याचा केवढा आधार असतो, हे मी आपल्या गल्लीत बघतोय.

मग बदललं काय? तीन गोष्टी.

पहिली, कॅमेऱ्याला स्मरणशक्ती आली. १९७६ साली जपानमध्ये व्हीएचएस कॅसेट बाजारात आली आणि चित्र साठवणं सामान्य दुकानदारालाही परवडू लागलं. पण कॅसेट बदलावी लागायची, म्हणून तीच तीच पुन्हा वापरत. दोन-चार दिवसांत जुनं पुसलं जायचं. विसरणं त्या यंत्रातच होतं. आता हिशोब बघा. साधारण कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने साठवत असेल तर दिवसाला २१-२२ जीबी होतात. ६४ जीबीच्या कार्डात तीन दिवससुद्धा पुरते मावत नाहीत, पण १ टीबीच्या हार्ड डिस्कवर दीड महिना राहतो. समोरच्या काकू दीड महिन्यात किती वेळा ओट्यावर आल्या, कोण त्यांना भेटायला आलं, किती वाजता गेलं, सगळं तुमच्याकडे.

दुसरी, कॅमेरा दारावरून उठला आणि भिंतीवर, गच्चीच्या कठड्यावर गेला. नजर रुंद झाली.

तिसरी, तो इंटरनेटला जोडला गेला. म्हणजे चित्र घरात राहिलंच नाही.

या तीन बदलांमुळे कोर्टात काय काय झालं, त्याच्या दोन गोष्टी सांगतो. दोन्ही आपल्यासारख्याच साध्या माणसांच्या आहेत.

पहिली चेक प्रजासत्ताकातली. एका गृहस्थाच्या घराच्या खिडक्या कोणीतरी वारंवार फोडत होतं. त्याने २००७ साली छपराच्या वळचणीखाली कॅमेरा लावला. त्यात त्याचं दार, समोरचा रस्ता आणि समोरच्या घराचं प्रवेशद्वार दिसायचं. एका रात्री गलोलीने पुन्हा खिडकी फुटली. रेकॉर्डिंगवरून दोन संशयित सापडलेसुद्धा. पण त्यातल्या एकाने उलटी तक्रार केली की मला न सांगता माझं चित्रीकरण झालं. प्रकरण युरोपियन संघाच्या न्यायालयापर्यंत गेलं. डिसेंबर २०१४ मध्ये निकाल लागला. कॅमेऱ्यात सार्वजनिक रस्ता येत असेल तर ते "निव्वळ घरगुती काम" धरता येत नाही, माहिती संरक्षणाचे नियम तुम्हाला लागू होतात. त्याच वेळी कोर्टाने हेही सांगितलं की आपली मालमत्ता, कुटुंबाचा जीव आणि आरोग्य सांभाळायचा माणसाचा हक्कही तोलताना धरला पाहिजे. थोडक्यात, कॅमेरा लावा, पण जाब द्यायची तयारी ठेवा.

दुसरी इंग्लंडमधली, ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टातली, ऑक्टोबर २०२१ ची. ही तर थेट आपल्याच विषयाची. गाडी चोरायचा प्रयत्न झाला म्हणून एका माणसाने घराभोवती कॅमेरे लावले. त्यातला एक सामाईक वाटेवर, गाड्या ये-जा करतात तिथे. त्यात शेजारणीचं फाटक आणि गाडी लावायची जागा यायची. शिवाय आवाजही टिपला जायचा, तोही बराच लांबचा. तिचं म्हणणं, मी माझ्या वाटेवर कुणाशी बोलले तर ते शेजाऱ्याच्या फोनवर जातं. शेवटी ती घर सोडून दुसरीकडे राहायला गेली. न्यायाधीशांनी दारावरच्या बेलचं चित्रण आणि वाटेवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण यांत फरक केला. आपल्या दाराशी येणाऱ्याला बघताना येणारा-जाणारा थोडाफार टिपला गेला तर चालेल. पण वाटेवरचा कॅमेरा मुख्यतः दुसऱ्याचीच जागा बघत होता, ते चालणार नाही. आणि इतक्या लांबचा आवाज टिपायला तर काहीच समर्थन नाही. गाडीची राखण त्याशिवायही करता आली असती.

आता आपल्याकडे काय आहे?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. पण त्याच्या तिसऱ्या कलमातच सूट आहे. कोणी व्यक्ती वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती वापरत असेल तर हा कायदा लागू नाही. माझ्या गेटवरचा कॅमेरा रस्ता आणि समोरचं घर टिपत असेल तर ते "घरगुती" का, हे कायद्यात लिहिलेलं नाही. युरोपात कोर्टाने जी रेषा आखली तशी रेषा आपल्या या कायद्यात अजून आखलेली नाही.

घराच्या आतल्या भागाबद्दल मात्र एक महत्त्वाची गोष्ट झाली. कोलकात्यातल्या एका वडिलोपार्जित घरात भावाभावांचा वाद होता. एकाने घराच्या राहत्या भागात कॅमेरे लावले. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं की त्या घरात राहणाऱ्या सहहिस्सेदाराच्या संमतीशिवाय असं करणं म्हणजे त्याच्या खासगीपणावर घाला. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयात हात घालायला नकार दिला. आपल्याकडे भावकीच्या सामाईक अंगणात कॅमेरे लावून बसलेले लोक किती आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. त्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

पण कायद्यापेक्षा मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. गेल्या महिन्यात आमच्या ग्रुपवर अकरा सेकंदांची एक क्लिप आली. पहाटेची वेळ. एका घराच्या गेटच्या आत उभ्या गाडीशेजारी एक पोरगा वाकलाय, इकडे-तिकडे बघतोय. खाली मजकूर, "हाच तो. चेहरा लक्षात ठेवा." तासाभरात क्लिप तीन कॉलन्यांत पोचली. दुपारी कळलं, तो पेपर टाकणारा पोरगा. सायकलची चेन पडली होती. रस्त्यावर अंधार, आणि आत पोर्चच्या दिव्याचा उजेड होता, म्हणून तो सायकल आत घेऊन चेन बसवत होता. कॅमेऱ्याने हालचाल दिसली तेवढाच तुकडा साठवला होता आणि सायकल गाडीच्या आड. पोराने दुसऱ्या दिवसापासून आमच्या बाजूची लाइन सोडली. ज्यांनी क्लिप टाकली त्यांनी ती डिलीट केली. झालं. तिन्ही कॉलन्यांतल्या फोनमध्ये ती अजून आहे.

"एवढंसं तर झालं," असं म्हणणाऱ्यांना मी राईनपाड्याची आठवण करून देतो. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं हे गाव. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षुकांना ठेचून मारलं. त्या वर्षी देशभर जे व्हिडिओ फिरत होते, त्यातला एक फार गाजला. मोटारसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यावर खेळणारं मूल उचलून नेतात. दिसायला अगदी सीसीटीव्हीचं चित्रण. प्रत्यक्षात तो कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेला जागृतीपट होता. शेवटी तेच दोघं मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तेवढा शेवट कोणीतरी कापला होता.

तुकडा दाखवला की गोष्ट बदलते. जुना जागल्या पाटलापुढे उभा राहून सांगायचा, आणि पाटील त्याला उलट विचारू शकायचा, "तू कुठे होतास? आधी काय झालं? नंतर काय झालं?" क्लिपला उलट प्रश्न विचारता येत नाही. आणि संशय कोणावर जातो हेही बघा. पेपरवाला, भंगारवाला, कचरा वेचणारी बाई, पार्सल आणणारा. सूट-बूट घालून आत आलेल्याची क्लिप ग्रुपवर पडलेली मी अजून पाहिली नाही. १८७१ चा कायदा गेला, पण सवय गेली नाही.

आता कोणी म्हणेल, पुरावा म्हणून तरी उपयोग होतो ना? होतो. पण तोही नीट सांभाळला तर. याची गोष्ट आपल्या जालन्याची आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. हरलेले उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी आक्षेप घेतला की खोतकरांचा अर्ज दुपारी तीनची मुदत उलटून गेल्यावर दाखल झाला. आधार कशाचा? निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्याच्या चित्रणाचा. पण त्या चित्रणासोबत कायद्याने लागणारं प्रमाणपत्र अधिकारी देईनात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० रोजी निकाल लागला. मूळ यंत्र कोर्टात हजर करता येत नसेल तर प्रमाणपत्र हवंच. मात्र पक्षकाराने सगळे प्रयत्न करूनही ते मिळालं नाही तर त्याला दोष देता येणार नाही. आज देशभर सीसीटीव्हीच्या पुराव्याची चर्चा झाली की या जालन्याच्या प्रकरणाचं नाव निघतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र दोन भागांत आहे, एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचं आणि दुसरं तज्ज्ञाचं. व्हॉट्सॲपवर फिरून आलेला, आकाराने आकसलेला, आगा-पिछा नसलेला तुकडा तिथे किती टिकेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

आणि जे चित्रण सांभाळायचं, ते आपल्याच ताब्यात आहे का? २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. युक्ती अगदी साधी. कंपनीने दिलेले मूळ पासवर्ड, साठेक जोड्या, एकामागून एक लावून बघायच्या. लोकांनी ते बदललेच नव्हते. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या फौजेच्या जोरावर अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स अशा बड्या साइट्स काही तास बंद पाडल्या. घराच्या राखणीला ठेवलेलं यंत्र दुसऱ्याच्या सैन्यात भरती झालं आणि मालकाला पत्ताही नाही. आपल्या शेजारी गुजरातेत, राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं बायकांच्या तपासणीचं चित्रण फेब्रुवारी २०२५ मध्ये इंटरनेटवर सापडलं. त्यावर वेगळं बोलायची गरज नाही.

म्हणून माझ्या कॅमेऱ्याचं मी काय केलं ते सांगतो. शहाणपणा शिकवायला नाही, पण कोणी बसवत असेल तर उपयोग होईल.

बसवणारा मुलगा म्हणाला, "काका, तोंड रस्त्याकडे करू का? सगळेच करतात." मी म्हटलं, नको. कॅमेरा पोर्चच्या खांबावर, साधारण नऊ फुटांवर, तोंड खाली आणि गेटकडे तिरकं. खूप उंच लावला तर टोपीच दिसते, चेहरा दिसत नाही. गाडीच्या दिव्याचा झोत थेट भिंगात आला तर नंबर प्लेट पांढरी फटक होते, म्हणून थोडा बाजूला. सेटिंगमध्ये चित्राचा ठरावीक भाग काळा करायची सोय असते. समोरच्या घराचा ओटा आणि खिडकी मी त्यात झाकून टाकली. आवाज बंद. पासवर्ड पहिल्याच मिनिटाला बदलला. साठवण घरातल्याच डिस्कवर आणि पंधरा दिवसांनी आपोआप पुसलं जाईल असं लावलं. घड्याळ बरोबर लावलं, कारण वेळच चुकीची असेल तर पुराव्याला अर्थ नाही. हालचाल टिपताना आधीची आणि नंतरची काही सेकंदं धरायची सोय होती, तीही चालू केली. गेटवर मराठीत पाटी लावली.

मग फोन घेऊन समोरच्या काकूंकडे गेलो. म्हटलं, "काकू, हे बघा. तुमच्याकडचं एवढंच दिसतंय, झाडाची कुंडी आणि पायरी."

त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं. म्हणाल्या, "पायरी कशाला हवी रे तुला? मी संध्याकाळी तिथेच बसते."

पायरीही झाकली. दोन मिनिटांचं काम. काकू म्हणाल्या, "त्या कोपऱ्यावरच्यांनाही सांग की जरा. त्यांचा कॅमेरा सरळ आमच्या न्हाणीच्या खिडकीकडे आहे. मी कशी जाऊन सांगू?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. सत्तरीतल्या बाईने स्वतःच्या न्हाणीची खिडकी उन्हाळ्यातही बंद ठेवायची, आणि बोलायची सोय नाही. ऑक्सफर्डची बाई कोर्टात गेली. आपल्या काकू कोर्टात जाणार नाहीत. त्या खिडकी बंद ठेवतील.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे. येत्या रविवारी गणेशोत्सवाच्या तयारीची बैठक आहेच. त्यात हा विषय घेऊ. चार गोष्टी ठरवू.

एक, कॅमेरा असलेल्या प्रत्येक घराने दोन्ही बाजूच्या आणि समोरच्या शेजाऱ्याला आपल्या फोनवरचं चित्र एकदा दाखवायचं. शेजारी म्हणाला "हे झाक", तर झाकायचं.

दोन, कोणाचाही चेहरा दिसणारी क्लिप ग्रुपवर टाकायची नाही. चोरी झाली तर मूळ रेकॉर्डिंग, आगा-पिछ्यासह, पोलीस ठाण्यात द्यायचं. ठिकठिकाणी पोलीस आवाहन करतात की एक कॅमेरा रस्त्याकडे ठेवा. त्याला माझा विरोध नाही. तो कॅमेरा कुठे असावा, त्याचं चित्रण कोणाच्या हाती, किती दिवस राहील, हे बैठकीत लिहून ठरवू.

तीन, ज्याने क्लिप टाकून कोणाला चोर ठरवलं आणि ते खोटं निघालं, त्याने त्याच ग्रुपवर, त्याच ठळक अक्षरांत खुलासा करायचा. आणि त्या माणसाला समक्ष भेटायचं. पेपरवाल्या पोरापासून सुरुवात करू. त्याची एजन्सी कोणती हे मला माहीत आहे, माझ्यासोबत कोण येतंय ते सांगा.

चार, कॅमेरे आहेत म्हणून कोपऱ्यावरचा बंद पडलेला दिवा दुरुस्त करायचा विषय मागे पडलाय. तो पुढे आणू. त्या पोराला चेन बसवायला दुसऱ्याच्या पोर्चमध्ये जावं लागलं, ते त्या दिव्यामुळे.

दोनशे वर्षांपूर्वीच्या गावाने राखणदाराला सांगितलं होतं, तू बघ, पण उत्तरही तूच द्यायचं. आज आपल्यातला प्रत्येक कॅमेरावाला जागल्या झालाय. हे मान्य असेल तर रविवारी या. मान्य नसेल तर जरूरच या, समोरासमोर बोलू. आणि कोपऱ्यावरच्या साहेबांनी ही पोस्ट वाचली असेल तर बैठकीची वाट बघू नका, आज संध्याकाळीच कॅमेरा थोडा वळवून घ्या.